बैलाचं चौथं चाक

मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे मुळात चाकाचा इतिहास. चाक फिरलं आणि माणूस रानातून गावात आला, गावातून नगरात आला. ज्या समाजांनी आपली चाकं सांभाळली ते पुढे गेले. ज्यांनी गमावली त्यांची भांडीकुंडी आज संग्रहालयात काचेमागे ठेवलेली आहेत.

आमच्या बैलाला तीन चाकं आहेत.

हे मला पोळ्याच्या दिवशी दुपारी समजलं. मी स्टुलावर उभा होतो, डोकं माळ्यावर होतं आणि खाली सुमतीने स्टूल धरलं होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली असल्यामुळे ते ती एकाच हाताने धरत होती. दुसऱ्या हातात मोबाइल होता.

"मिळाला का?"

"मिळाला. पण एक चाक नाही."

"बैलाचं नं? मग उतरा. तुमचं निखळण्याआधी उतरा."

बैल हातभर उंच, सागवानी, माझ्या आजोबांनी नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीतून आणलेला. एक शिंग टवका उडालेलं. डोळे रंगवणाऱ्याने असे रंगवलेत, की आपण बैल आहोत ही बातमी त्याला नुकतीच कोणीतरी दिलेली असावी. पाठीवर झूल, पायाखाली फळी, आणि फळीला चार चाकं असायची.

नागपूरबाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पहिला दिवस खऱ्या बैलांचा, दुसरा पोरांच्या लाकडी बैलांचा. पोरं बैल सजवून एका ओळीत उभे करतात, मग दोरी धरून दारोदार नेतात. घरातली बाई बैलाच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर खाऊ ठेवते. त्या खाऊला बोजारा म्हणतात. यात मोठ्या माणसांना काही काम नसतं. त्यांनी कडेला उभं राहून 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं बोलायची असतात.

यंदा माझी नात नूपुर पुण्याहून गणपतीसाठी चार दिवस आधीच आली होती, ती खास तान्ह्या पोळ्याला. महिनाभर मी तिला फोनवर बैलाचं वर्णन ऐकवलं होतं. तिने शाळेत जाहीर केलं, की माझ्या आजोबांकडे बैल आहे. बाईंनी विचारलं, कुठे ठेवतात? ही म्हणाली, माळ्यावर. त्यावर शाळेतून तिच्या आईला, म्हणजे आमच्या मुग्धाला, फोन आला होता.

असा हा गाजावाजा झालेला बैल मी खाली आणून टाइलवर ठेवला. तो उजव्या कुशीवर कलला. नूपुरने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"आजोबा, हा आजारी आहे का?"

"नाही गं. जरा टेकलाय."

पुढचे दोन तास मी संशोधनात घालवले. मुरंब्याच्या बरणीचं झाकण लावून पाहिलं. ते घसरलं. शेवटी कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याकडून प्लायवूडचं एक चाक कापून आणलं. ते अर्धा इंच मोठं निघालं. बैल दोरीला धरून ओढला, की तो डावीकडे वळायचा, वळतच राहायचा आणि पूर्ण फेरी मारून माझ्याकडे तोंड करून उभा राहायचा. नूपुर टाळ्या वाजवत होती, पण कौतुकाच्या टाळ्या आणि सर्कशीच्या टाळ्या यांतला फरक मला कळतो.

"नवा घेऊन द्या नं पोरीला," सुमती म्हणाली. "बाजारात ढीग लागलेत. आता तर डोळ्यांत लाइट लागणारेही मिळतात."

"मला लाइटवाला चालेल," नूपुर म्हणाली.

मला दोन्ही वाक्यं ऐकू आली नाहीत. या वयात काय ऐकू यावं आणि काय येऊ नये हे ठरवायचा अधिकार माणसाला मिळतो.

"प्रश्न बैलाचा नाही," मी म्हणालो, "वारशाचा आहे. खापरपणजोबांनी आणलेला बैल खापरपणतीने ओढणं, यात जी एक—"

"वारसा म्हणे! सरळ सांगा नं, तुम्हालाच ओढायचाय."

नवऱ्याच्या मनातली गोष्ट बायकोने अशी लहान मुलांसमोर बोलू नये. मी विषय बदलण्यासाठी चौथं चाक कुठे गेलं असेल याचा विचार करू लागलो, आणि विचार करता करता एकदम आठवलं. चाक हरवलेलं नव्हतंच. ते डेप्युटेशनवर गेलं होतं.

मी सातवीत असताना आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही आमच्या घरी आला. लाकडी पेटीचा, चार पायांचा, पुढे सरकणाऱ्या पट्ट्यांचं दार आणि त्या दाराला कुलूप. किल्ली बाबांच्या जानव्याला. रविवारी सतरंजी अंथरली जायची आणि अख्खी गल्ली येऊन बसायची. लागेल ते बघायची. गल्लीतल्या एकाच्याही नावावर गुंठाभर जमीन नव्हती, पण शेतीचा कार्यक्रम कोणी चुकवत नसे. कपाशीवर मावा पडला तर फवारणी कधी करायची, हे आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनाही तोंडपाठ होतं. मूकबधिरांच्या बातम्या आम्ही इतक्या मन लावून पाहायचो, की पुढे वर्गात मास्तरांसमोर खुणांनी बोलायची सोय झाली. आणि मध्येच पडद्यावर मुंग्या आल्या तर कोणी उठत नसे. सगळे मुंग्या बघत बसायचे. त्यातही शिंपीकाकांना माणसं दिसायची.

पहिल्या रांगेत, टीव्हीला नाक लावून, जागेश्वर बसायचा. माझा वर्गमित्र. बाप हातमागावर लुगडी विणायचा आणि हा आमच्याकडे टीव्हीच्या आत कोण बसलंय ते शोधायचा. बाबांना जागचं उठायचा कंटाळा, म्हणून आवाज कमी-जास्त करायचं काम जागेश्वरकडे. टीव्ही चालू-बंद करायची आणि आवाजाची खुंटी एकच होती. एका रविवारी नायक विमानतळाकडे धावत असताना बाबा म्हणाले, "वाढव जरा." जागेश्वरने वाढवला आणि खुंटी त्याच्या हातात आली.

दुकानदार म्हणाला, नवी खुंटी मुंबईहून येईल. ती अजून यायची आहे.

बाबा एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कचेरीत होते. त्यांनी घरात नजर फिरवली. बैल वर्षातून एक दिवस कामावर येतो, टीव्ही रोज. त्यांनी बैलाचं एक चाक काढलं, खुंटीच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि त्यावर ते चाक ठोकून बसवलं. टीव्ही सुरू झाला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. "तात्पुरती व्यवस्था आहे," बाबा मला म्हणाले. सरकारी घरात वाढल्यामुळे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

त्या वर्षी तान्हा पोळा नेमका रविवारी आला. मी चाक मागितलं. बाबांनी गल्लीची सभा घेतली. चाक काढलं तर संध्याकाळचा सिनेमा बुडणार होता. मतदान झालं. सिनेमाच्या बाजूने एकोणीस, बैलाच्या बाजूने मी. जागेश्वर तटस्थ राहिला, कारण त्याला दोन्ही हवे होते.

मी तीन चाकांचा बैल काखेत मारून दारोदार हिंडलो. एका घरी आजीबाईंनी विचारलं, "काहून रे, बैल थकला का?"

संध्याकाळी आईला वेगळीच चिंता लागली. पूजा बैलाची करायची, आणि बैलाचा एक पाय टीव्हीत. अर्ध्या बैलाची पूजा चालते का? शास्त्रात टीव्हीबद्दल काही नव्हतं. मग आईने सिनेमा सुरू असताना येऊन टीव्हीच्या चाकाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. पडद्यावर नायिका रडत होती. गल्लीने हात जोडले. त्यानंतर दर तान्ह्या पोळ्याला आमच्या टीव्हीची पूजा होऊ लागली. दोन-तीन वर्षांनी शेजारच्या गल्लीत टीव्ही आला, तर तिथल्या बायकाही कुंकू घेऊन पुढे झाल्या. आमच्याकडे करतात म्हणजे काहीतरी असेल, या श्रद्धेने.

माझं मात्र राहून गेलं. पुढच्या वर्षी मी आठवीत गेलो आणि मला फुलपँट शिवली. फुलपँटवाला बैल ओढत नाही, असा गल्लीचा कायदा होता.

बऱ्याच वर्षांनी रंगीत टीव्ही आला. तोवर जागेश्वर टीव्ही दुरुस्तीचं काम शिकला होता. आईने जुना टीव्ही त्याला सुट्या भागांसाठी दिला, चाकासकट. देताना बजावलं होतं, "तान्ह्या पोळ्याला त्याला कुंकू लावत जा हो."

"मग जा नं जागेश्वरभाऊंकडे," हे सगळं ऐकून सुमती म्हणाली. "पण उद्या सकाळी जाल तर मारबतीच्या गर्दीत सापडाल."

"मी आडरस्त्याने जातो."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. मोठाले पुतळे, त्यांच्यासोबत रोगराई, भ्रष्टाचार, महागाई सगळं ओरडत शहराबाहेर काढतात. दरवर्षी काढतात, दरवर्षी तेवढंच निघतं. आडरस्त्यावरही तीच गर्दी होती. लाखभर माणसं नको ते बाहेर नेत होती आणि मी एकटा स्कूटर ढकलत उलट्या दिशेने एक चाक आणायला चाललो होतो.

जागेश्वर गोळीबार चौकाजवळ राहतो. दुकान त्याने बंद केलं. हल्ली टीव्ही बिघडला की लोक तो भिंतीवरून काढतात आणि दुसरा लावतात. मधे जागेश्वर लागत नाही. तो ओट्यावर बसून एक रेडिओ उघडून त्याच्या पोटात बघत होता.

"काय गा गिरधर! आज तं अर्धं शहर बंद आहे. तू कुठून उगवला?"

मी काम सांगितलं. त्याने पेचकस खाली ठेवला आणि घराकडे पाहिलं.

"चाक आहे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पन थे भेटनं कठीण आहे. देवघरात आहे."

"कोणाच्या?"

"आमच्याच. हळू बोल न गा. जनी ऐकन." जनी म्हणजे त्याची बायको, जनाबाई. "आमचं लग्न झालं तवा थे सामानाच्या डब्ब्यात पडलं होतं. तुह्या मायनं सांगतलं म्हनून मी दरसाल कुंकू लावत होतो. हिनं पाहिलं, कुंकू लागलेली गोल वस्तू. उचलली अन् ठेवली देवघरात. तिले वाटलं आमच्या घरचा देव होय."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"म्हनलं नंतर सांगू. मंग पोरगी झाली, पोरगा झाला. राहूनच गेलं."

"अठ्ठावीस वर्षं?"

"टाइमच नाही भेटला."

आतून जनाबाई पदराला हात पुसत आली. "या भाऊजी. काय खुसुरफुसुर चालून राहिली दोघायची?"

"काही नाही वं," जागेश्वर म्हणाला. "गिरधर म्हनते, गर्दी फार आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो रेडिओत बघू लागला. शेवटी मीच नूपुरपासून सुरुवात केली. ती पुण्याहून आली आहे, तिचा पहिला तान्हा पोळा आहे, बैल कलतो. जनाबाई ऐकत होती. चाकाशी आलो आणि माझी जीभ अडखळली. कोणाच्या देवाला चाक म्हणायचं, तेही त्याच्याच घरात उभं राहून, याचा मला अनुभव नव्हता.

"म्हणजे जनाबाई, तुमच्या देवघरात जी एक... लाकडी..."

"चाक?" जनाबाई म्हणाली.

जागेश्वरच्या हातातून स्क्रू पडला.

"तुले कोनं सांगतलं वं?"

"सांगाले कायले पाहिजे? मधात भोक आहे, भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे. मी का आंधळी आहो?"

"मंग अठ्ठावीस वर्षं बोलली काहून नाही?"

"तुमी सांगान म्हनून वाट पाहून राहिली होती."

जागेश्वर खाली वाकून स्क्रू शोधू लागला. तो समोरच पडला होता, तरी त्याला बराच वेळ सापडला नाही.

"मग नेऊ का मी?" मी आशेने पिशवी उघडली.

जनाबाईने पिशवीकडे अशी नजर टाकली, की मी ती आपोआप मिटली. "असं नाही जमत भाऊजी. चाक असन थे, पन अठ्ठावीस वर्षं म्या त्याले रोज आंघोळ घातली, निवद दाखवला. पोरीचं लग्न जमत नव्हतं तवा त्याच्यापाशीच बसून रडली. आता त्याले बैलाच्या पायाखाली देऊ?"

मी आयुष्यभर विनोदी लेख लिहून लोकांच्या श्रद्धांची थट्टा छापून आणली, पण ज्या वस्तूपाशी बसून कोणी रडलं आहे ती माझी आहे असं म्हणायला माझं तोंड उघडेना. मी म्हणालो, "राहू द्या. पोरीला लाइटवाला बैल घेऊन देतो. तिला चालतो तो."

मी स्कूटरला किक मारली. ती लागली नाही. दुसरी मारली.

"थांबा न भाऊजी," मागून जनाबाई म्हणाली. "पोट्टी केवढी आहे?"

"सहा वर्षांची."

तिने विचार केला. "देव गावाले जातच असते. पालखीत बसते, गाव फिरते, परत येते. त्याले का घरात बसून कंटाळा येत नसन? पन पिशवीत नाही जानार. मी आनीन ताटात घालून. अन् दिवेलागनीच्या आत घरी. दिवा लावाच्या टायमाले देवघरात जागा खाली नाही पाहिजे मले."

"मी स्कूटर काढतो," जागेश्वर घाईने म्हणाला. आज तो कोणाच्याही बाजूने मत द्यायला तयार होता.

साडेतीन वाजता ते दोघे आमच्या वसाहतीत, नागपुरी भाषेत ले-आउटमध्ये, आले. पुढे जागेश्वर, मागे जनाबाई, तिच्या मांडीवर ताट आणि ताटावर रुमाल. नूपुरने रुमाल उचलून पाहिलं.

"हे चाक इतकं लाल का आहे?"

"थे मोठं झालं न बाई, म्हनून," जनाबाई म्हणाली.

सुमतीने जनाबाईला कुंकू लावलं आणि दोघी सोफ्यावर बसून नवऱ्यांबद्दल बोलू लागल्या. मी आणि जागेश्वर जमिनीवर. त्याने प्लायवूडचं चाक उपटलं, जुनं चाक दांड्यावर चढवलं, खिळा ठेवला आणि हातोडी उचलून थांबला. जनाबाईने सोफ्यावरूनच हात जोडले आणि मान हलवली. मग त्याने ठोकलं.

बैल टाइलवर उभा राहिला. मी दोरी हातात घेणार तोच नूपुरने ती घेतली होती.

सव्वाचारला मारुतीच्या देवळासमोर चाळीसेक बैल ओळीने लागले. लाइटवाले, चमकीवाले, एक तर मोबाइलवरून चालणारा. त्याचा मालक हॉटस्पॉट शोधत होता. आमच्या बैलावर सुमतीने तिच्या जुन्या पैठणीच्या काठाची झूल घातली होती. ओळ सुटली आणि तो चालू लागला. सरळ चालला. फक्त कुंकवाच्या थरांनी एक चाक किंचित जाड झालं होतं, त्यामुळे दर पावलाला तो जरासा डुलायचा, जेवण झालेल्या माणसासारखा. डांबरी रस्त्यावर खडखड खडखड आवाज. त्या आवाजात मला शेतीच्या कार्यक्रमाची सुरुवातीची पिपाणी ऐकू आली, सतरंजीचा वास आला, आणि मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

जनाबाई चौथ्या चाकाच्या बाजूने चालत होती. "हळू वं पोट्टे. गड्डा आहे तिकडे. उजवीकून घे." घरोघरच्या बायका बैलाच्या पायावर पाणी घालत होत्या. त्यांतल्या एकीने जनाबाईला विचारलं, "या चाकाला वेगळं कुंकू लावायचं असतं का हो?" जनाबाई म्हणाली, "हो." तिच्या शेजारणीनेही मग आपल्या बैलाच्या एका चाकाला लावलं. जागेश्वरने मला कोपराने ढोसलं. आणखी तीस वर्षांनी या ले-आउटमध्ये काय काय देवघरात असेल, या विचाराने आम्ही दोघं एका फाटकाआड जाऊन हसून आलो.

नूपुरची पिशवी बोजाऱ्याने भरली. लाइटवाल्या बैलाचा मालक म्हणाला, "एकदा बदलायचा?" ती म्हणाली, "नाही." मुग्धाने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला, तर हिने दोरी एका हातात आणि फोन सुमतीच्या हातात ठेवला. "आई, नंतर. मी बैल नेते आहे." एवढं महत्त्वाचं काम असलेली व्यक्ती मी आमच्या घराण्यात पाहिलेली नाही. सुमतीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "झालं. वारसा पोचला." ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. ते मी पाठीमागे बांधून ठेवले होते.

ऊन विजेच्या तारांवर गेलं. मुलं पांगू लागली. लाइटवाल्या बैलांचे डोळे आता खरोखर दिसायला लागले होते. जनाबाईने आभाळाकडे पाहिलं.

"भाऊजी, दिवेलागन होऊन राहिली."

जागेश्वरने खिशातून पक्कड काढली आणि कोपऱ्यावर, बघत नसल्यासारखा, उभा राहिला. आमच्या घरापासून आम्ही तीन घरं दूर होतो. नूपुर खडखडत पुढे चालली होती. मी जरा भराभर चाललो आणि तिच्या बरोबरीला आलो. खाली वाकलो तर गुडघा वाजला.

"नूपुर," मी सुमतीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालो, "त्या खांबापर्यंत मी ओढू का गं?"